खेळाडूचें दुसरें आयुष्य

मराठींत 'हौशी' आणि 'धंदेवाईक' हे दोन शब्द जोडीनें नांदत आले आहेत. नाटकाच्या क्षेत्रांत त्यांचा झगडा आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. हौशी नट म्हणजे सुशिक्षित, कुलीन, फावल्या वेळीं कलेची सेवा करणारा. धंदेवाईक नट म्हणजे पोटासाठीं तोंडाला रंग लावणारा, ही समजूत आपल्या पांढरपेशा समाजानें दीर्घकाल उराशीं बाळगली. वस्तुतः मराठी रंगभूमि जगविली ती धंदेवाइकांनीं. मानाचें पान मात्र हौशी मंडळींपुढें मांडलें जाई. टेनिस या खेळांत हाच भेद नुसत्या समजुतीचा नव्हता, नियमाचा होता. ज्यानें खेळण्याचे किंवा खेळ शिकविण्याचे पैसे घेतले, त्याला १९६८ सालापर्यंत विंबल्डनच्या स्पर्धेंत उतरतां येत नसे. खेळ शिकवून भाकरी मिळविणें हा जणूं एक प्रकारचा बाट होता.

हा इतिहास आज आठवण्याचें कारण असें कीं, खेळाडूच्या आयुष्याचा उत्तरार्ध हा प्रश्न आतां आपल्या मध्यमवर्गीय घरांच्या उंबरठ्याशीं येऊन उभा राहिला आहे. ज्या वयांत वकिलाचें नांव होऊं लागतें, डॉक्टरवर लोकांचा विश्वास बसूं लागतो आणि प्राध्यापकाला आपला विषय कोठें नुकता कळूं लागतो, त्या पस्तिशीच्या सुमारास टेनिसपटूचे गुडघे आणि खांदे त्याला निवृत्तीची सूचना देऊं लागतात. पुढें काय? या प्रश्नाचें सर्वांत स्वाभाविक उत्तर 'शिकवावें' हें आहे. परंतु शिकविणाराची प्रतिष्ठा काय, त्याचा पोशिंदा कोण आणि त्याचें भवितव्य कोणाच्या हातीं, हें कळल्याखेरीज त्या उत्तराला अर्थ येत नाहीं. पुण्याचे नंदन बाळ यांच्यासारख्या, देशासाठीं खेळून पुढें देशाच्या संघाला शिकविणाऱ्या खेळाडूची कारकीर्द नीट समजून घ्यावयाची, तर प्रथम या धंद्याची वंशावळ पाहिली पाहिजे.

वेतन घेऊन विद्या देणारा योद्धा आपल्या परंपरेला अपरिचित नाहीं. द्रोणाचार्य हा मूळचा धनुर्धर; घरांत मुलाला पाजावयास दूध नाहीं अशा दैन्यांत तो द्रुपदाच्या दारीं गेला, तेथें अपमान पावला आणि शेवटीं हस्तिनापुरांत राजपुत्रांचा शिक्षक झाला. महाभारतांतील पुढील कितीतरी अनर्थांचें बीज या वेतनाच्या बंधनांत आहे. दुसरा, अधिक प्रसन्न दाखला कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त सांपडतो. तेथें गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण याचा वाद राजापुढें येतो, आणि परिव्राजिका जो निकष सांगते तो आजच्या कोणत्याही क्रीडासंस्थेनें भिंतीवर लावावा असा आहे. कोणी स्वतः करून दाखविण्यांत निपुण असतो, कोणी तें दुसऱ्यांत उतरविण्यांत. ज्याच्या ठायीं दोन्ही गुण असतील त्याला शिक्षकांच्या अग्रभागीं बसवावें, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. क्रिया आणि संक्रमण या दोन भिन्न विद्या आहेत, हें आपल्याकडे इतक्या पूर्वीं ओळखलें गेलें होतें.

टेनिसचा पूर्वज म्हणजे फ्रान्समधील तळहाताचा खेळ. राजवाड्यांच्या भिंतींआड तो खेळला जाई आणि राजेलोकांना तो शिकविणारे उस्ताद असत. १५७१ सालीं नवव्या चार्ल्स राजानें या उस्तादांच्या मंडळीला सनद दिली. तींत उमेदवार, सहायक आणि उस्ताद अशा पायऱ्या ठरविल्या होत्या. या खेळाचे नियम प्रथम लिहून काढले तेही फोर्बे नांवाच्या एका उस्तादानें, सोळाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे खेळाची शास्त्रीय मांडणी सरदारांनीं नव्हे, तर त्यांच्याकडून पैसे घेऊन शिकविणारानें केली. या जुन्या खेळांत चेंडू दुसऱ्यांदा कोठें टप्पा घेतो याची खूण ठेवावी लागे. ती ठेवणारा तो 'मार्कर'. हाच शब्द इंग्रजांबरोबर हिंदुस्थानांतील क्लबांत आला, आणि साहेबांना चेंडू मारून देणाऱ्या, त्यांच्या मुलांना बॅकहँड शिकविणाऱ्या नोकराला तो चिकटला. आपल्या जिमखान्यांतील मार्कर हा या दृष्टीनें फ्रान्सच्या राजदरबारांतील उस्तादाचा दूरचा वंशज होय. वंश तोच, परंतु सनद गेली आणि खाकी सदरा राहिला.

हिरवळीवरचें टेनिस आलें तें १८७४ सालच्या मेजर विंगफील्डच्या पेटंटाबरोबर. विंबल्डनची पहिली स्पर्धा १८७७ ची. हा खेळ बागबगीचे असणाऱ्या वर्गाचा होता, आणि त्या वर्गाला करमणुकींत रोजगाराचा वास नको होता. तरीही शिकविणारे लागतच. डब्लिनच्या क्लबांतून असे कांहीं आयरिश शिक्षक तयार झाले. त्यांपैकीं टॉमस बर्क यानें पुढें पॅरिसमध्यें नांव मिळविलें. त्याच पॅरिसनें या धंद्याला पहिली मोठी स्त्री दिली. सूझान लेंग्लेन हिला तिच्या वडिलांनीं, मैदानावर ठिकठिकाणीं रुमाल ठेवून त्यांवर चेंडू पाडावयास लावून घडविलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. जगांत अजिंक्य ठरल्यावर ती १९२६ सालीं धंदेवाईक झाली, अमेरिकेंत पैसे घेऊन खेळली आणि पुढें पॅरिसमध्यें टेनिसची शाळा चालवूं लागली. १९३८ सालीं वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षीं ती वारली. तिच्या विजयांचे आंकडे सर्वांस ठाऊक आहेत. तिच्या शाळेचा उल्लेख मात्र चरित्रांच्या शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकला जातो.

परंतु या धंद्याचें सगळें मर्म एका माणसाच्या आयुष्यांत पाहावयाचें असेल, तर तें डॅन मॅस्केल याच्या. १९०८ सालीं लंडनच्या फुलहॅम भागांत जन्मलेला हा मुलगा क्वीन्स क्लबांत चेंडू वेंचणारा पोऱ्या म्हणून लागला. साहेबलोकांचे फटके पाहातां पाहातां तो स्वतः इतका तयार झाला कीं, ब्रिटनमधील धंदेवाइकांचें अजिंक्यपद त्यानें सोळा वेळां मिळविलें. १९२९ सालीं विंबल्डनच्या क्लबानें त्याला आपला पहिला कायम शिक्षक नेमलें. १९३३ सालीं ब्रिटननें एकवीस वर्षांनंतर डेव्हिस चषक फ्रान्सकडून परत जिंकला, त्या संघाला तयार करण्यांत त्याचा मोठा वांटा होता. फ्रेड पेरी आणि बनी ऑस्टिन यांच्याशीं रोज खेळून त्यांना धार लावणारा हा माणूस विंबल्डनच्या स्पर्धेंत मात्र एकदांही उतरूं शकला नाहीं. कारण तो शिकविण्याचे पैसे घेत होता! ज्या हिरवळीवर तो वर्षभर इतरांना शिकवी, त्याच हिरवळीवर स्पर्धेच्या पंधरवड्यांत तो प्रेक्षक असे. पुढें बी. बी. सी. वरून त्यानें १९९१ पर्यंत त्या स्पर्धेचें समालोचन केलें, आणि घरोघर त्याचा आवाज ओळखीचा झाला. लोकांनीं त्याला डोक्यावर घेतलें तें समालोचक म्हणून; शिक्षक म्हणून त्यानें काय केलें हें त्याच्या शिष्यांनाच ठाऊक.

फ्रेड पेरीची गोष्ट याच नाण्याची दुसरी बाजू. लागोपाठ तीन वर्षें विंबल्डन जिंकून तो १९३६ च्या अखेरीस धंदेवाईक झाला, तेव्हां क्लबानें त्याला दिलेलें मानाचें सभासदत्व काढून घेतलें. त्याच क्लबानें १९८४ सालीं आपल्या आवारांत त्याचा पुतळा उभारला. या दोन घटनांमध्यें जें घडलें त्याचें वर्ष १९६८. त्या वर्षीं एप्रिलांत बोर्नमथ येथें हौशी आणि धंदेवाईक प्रथमच एका स्पर्धेंत एकमेकांसमोर उभे राहिले, आणि त्याच वर्षीं विंबल्डनही सर्वांना खुलें झालें. 'धंदेवाईक' या शब्दाचा कलंक एका उन्हाळ्यांत धुऊन निघाला. परंतु धुतला गेला तो खेळणाराचा, शिकविणाराचा नव्हे. बक्षिसांच्या रकमा वाढल्या, खेळाडू श्रीमंत झाले आणि शिक्षक त्यांच्या पदरीं नोकर राहिला.

हा सगळा भेद आपल्या देशांत आयता आला. अखिल भारतीय टेनिस संघटना १९२० ची. पुढच्याच वर्षीं भारतानें डेव्हिस चषकाच्या स्पर्धेंत प्रथम भाग घेतला. पुण्यांत पी. वाय. सी. हिंदु जिमखाना १९०० सालीं आणि डेक्कन जिमखाना १९०६ सालीं निघाला, त्यामुळें मराठी मध्यमवर्गाच्या हातीं रॅकेट आलें. परंतु शिकावयाचें कोणाकडून? मार्करकडून फटका शिकतां येई, डाव शिकतां येत नसे. कारण मार्करला कोणी डाव विचारीतच नसे. म्हणून त्या काळांत विद्या मुख्यतः घराण्यांतून चाले. पुण्यांत जन्मलेल्या पंडिता क्षमा राव या संस्कृतांत काव्यें लिहीत आणि मुंबईच्या मैदानांवर टेनिसही खेळत. त्यांची कन्या लीला हिनें १९३४ सालीं विंबल्डनला पहिल्या फेरींत विजय मिळविला, आणि तेथें सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. दक्षिणेंत टी. के. रामनाथन यांनीं आपल्या मुलाला स्वतः घडविलें. तो रामनाथन कृष्णन १९५४ सालीं विंबल्डनचा कुमार विजेता आणि १९६० व १९६१ सालीं तेथें उपांत्य फेरीचा मानकरी झाला. धंदेवाईक होण्यासाठीं त्याला अमेरिकेहून मोठ्या रकमेचें आमंत्रण आलें, तें त्यानें नाकारलें. कारण तें स्वीकारतां डेव्हिस चषकाचें दार बंद झालें असतें. बाप शिकवितो तेव्हां वेतनाचा प्रश्न येत नाहीं. परंतु ज्याचा बाप टेनिस खेळत नाहीं त्याचें काय, हाही प्रश्न मग कोणाला सुचत नाहीं.

याच काळीं याच महाराष्ट्रांत दुसरी एक परंपरा जिवंत होती. कुस्तींतून निवृत्त झालेला मल्ल तालमींत वस्ताद म्हणून बसे. पहांटे लाल मातींत उतरणारीं पोरें प्रथम त्याच्या पायांना हात लावीत. त्याचा खुराक राजाश्रयावर चाले आणि आश्रय सुटला म्हणजे त्याचे हाल होत, हें खरें. परंतु तो धंदेवाईक म्हणून कोणी त्याला कमी लेखीत नसे. आमच्या विदर्भांत १९१४ सालीं अमरावतीस श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालें. या संस्थेनें एक पाऊल पुढें टाकून व्यायामाचे शिक्षकच तयार करण्याचें काम हातीं घेतलें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं तिच्या मंडळींनीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. पण वस्तादाचा हा मान आणि मार्करचा तो अपमान, एकाच शहरांत, कधीं कधीं एकाच रस्त्यावर शेजारीं शेजारीं नांदत असतां, एकाची हवा दुसऱ्याला लागली नाहीं. मातीच्या खेळांत गुरु होता, हिरवळीच्या खेळांत नोकर.

या पार्श्वभूमीवर नंदन बाळ यांची कारकीर्द पाहावी. ते पुण्याचे. १९७४ सालीं याच शहरांत भारतानें सोव्हिएट संघाला ३–१ असें हरवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गांठली होती, आणि दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाच्या निषेधार्थ ती फेरी न खेळतां सोडून दिली होती. बाळ १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत भारताकडून डेव्हिस चषकांत खेळले. तो काळ विजय व आनंद अमृतराज या बंधूंचा. त्यांच्या मागोमाग १९७९ चा विंबल्डनचा कुमार विजेता रमेश कृष्णन वर येत होता. अशा संघांत जागा मिळविणें कठीण, टिकविणें त्याहून कठीण. अमृतराज आणि कृष्णन यांच्यासारख्यांच्या मागें, त्यांच्या सरावाला उभे राहून, त्यांच्या तोडीची तयारी ठेवून वाट पाहाणारे जे खेळाडू असतात, त्यांना खेळ एका विशिष्ट बाजूनें दिसतो. असामान्य खेळाडूला आपण काय करतों हें पुष्कळदां सांगतां येत नाहीं, कारण त्याला तें विचारावें लागलेलेंच नसतें. ज्याला प्रत्येक गुण झगडून मिळवावा लागला, त्याला प्रत्येक गुणाची किंमत आणि रीति ठाऊक असते. चांगले शिक्षक बहुधा या दुसऱ्या वर्गांतून येतात, असें आम्हांस वाटतें.

बाळ पुढें भारताच्या डेव्हिस चषक संघाचे प्रशिक्षक झाले. हें पद बाहेरून दिसतें तितकें सोपें नाहीं. डेव्हिस चषकांत मैदानावर खुर्ची टाकून खेळाडूजवळ बसण्याचा अधिकार कर्णधाराचा. प्रशिक्षकाची जागा त्याच्या मागें. त्याचें काम सामन्याच्या आधीं संपतें किंवा दोन फटक्यांच्या मध्यें, कोणाला न दिसतां, होतें. प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस दडपणाखालीं कोणत्या कोपऱ्याकडे वळते, आपल्या खेळाडूचा चेंडू वर फेंकणारा हात दमल्यावर किती खालीं येतो, पांच दिवसांच्या सरावांत कोणाला किती दमवावें आणि कोणाला विश्रांति द्यावी, हे हिशेब त्याचे. आणि हे सर्व अशा खेळाडूंसाठीं, कीं जे वर्षाचे इतर महिने स्वतःच्या खाजगी शिक्षकाबरोबर जगभर हिंडत असतात आणि वर्षांतून तीन-चार आठवडेच देशाच्या संघांत येतात. चार स्वयंपाक्यांच्या हातची चव असलेल्या पंगतीला एका तासांत एकरूप करण्यासारखें हें काम आहे.

त्या काळांत दोन लढती भारताच्या वांट्याला अशा आल्या कीं त्या विसरतां येणार नाहींत. सप्टेंबर २००९ मध्यें जोहान्सबर्गला दक्षिण आफ्रिकेवर ४–१ असा विजय मिळवून भारत १९९८ नंतर प्रथमच जागतिक गटांत परतला. पुढच्या सप्टेंबरांत चेन्नईस ब्राझिलशीं गांठ पडली. पहिल्या दिवशीं दोन्ही एकेरी सामने गेले. ०–२ अशी अवस्था. दुसऱ्या दिवशीं लिएंडर पेस आणि महेश भूपति यांनीं दुहेरी जिंकली. तिसऱ्या दिवशीं चेन्नईच्या उकाड्यांत सोमदेव देववर्मन याच्यासमोर ब्राझिलचा बेलुची थकून मध्येंच माघारला, आणि शेवटच्या सामन्यांत रोहन बोपण्णानें मेलोला सरळ तीन डावांत हरविलें. ३–२! अशा विजयांत प्रशिक्षकाचा भाग किती, हें कोणत्याही तराजूनें मोजतां येणार नाहीं. पहिल्या रात्रीं, दोन सामने गमावल्यावर, संघाच्या खोलींत कोणीतरी खेळाडूंचीं डोकीं ठिकाणावर ठेवावीं लागतात एवढें मात्र खरें. आणि तें काम धांवफलकावर लिहिलें जात नाहीं.

मग १९१३ नव्हे, २०१३ साल उजाडलें. मुद्दाम असें म्हणतों, कारण शतक उलटूनही शिक्षकाच्या आसनाचा पाया किती कच्चा राहिला आहे हें त्या वर्षानें दाखविलें. जानेवारींत संघांतील प्रमुख खेळाडूंनीं राष्ट्रीय संघटनेपुढें कांहीं मागण्या मांडल्या. कर्णधार व प्रशिक्षक बदलावे ही त्यांपैकीं एक. वाद चिघळला, फेब्रुवारींत कोरियाविरुद्ध दिल्लीस दुय्यम संघ उतरवावा लागला आणि भारत १–४ असा हरला. त्या वर्षीं प्रशिक्षकपदीं बाळ यांच्या जागीं झीशान अली आले. या झगड्यांत न्याय कोणाच्या बाजूला होता हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे. खेळाडूंना आपल्या कष्टांचीं वर्षें थोडीं आहेत याची जाणीव असते, आणि आपल्याला कोण शिकविणार हें ठरविण्यांत आपला शब्द असावा ही त्यांची इच्छा अस्वाभाविक नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यांत निराळेंच कांहीं दिसतें. तालमींत शिष्य वस्ताद निवडीत असे, पण एकदां निवडल्यावर त्याला बदलीत नसे. आजच्या टेनिसमध्यें जगाच्या रंगणांत उतरलेला शिष्यच गुरूचा पगार देतो. त्याला रोजच्या व्यवहारांत गुरूला नेमण्याची आणि निरोप देण्याची संवय झालेली असते. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक संघटनेचा पगारी असला, तरी तो या नव्या हवेंतच श्वास घेतो.

किंबहुना टेनिस-शिक्षकाचा सगळा इतिहास 'पगार कोण देतो' या एका प्रश्नाचा इतिहास आहे. राजानें दिला तेव्हां तो सनदी उस्ताद होता. क्लबानें दिला तेव्हां तो मार्कर झाला. राष्ट्रीय संघटनेनें दिला तेव्हां तो अधिकारी झाला, आणि खेळाडूनें दिला तेव्हां पुनः सेवक. खेळाचे नियमसुद्धां या अविश्वासाचे साक्षी आहेत. बुद्धिबळाप्रमाणें टेनिसही एकट्यानें लढण्याचा खेळ आहे, या तत्त्वावर सामना चालूं असतां शिक्षकानें खूण करणें हा दीर्घकाल गुन्हा मानला जाई. पुरुषांच्या धंदेवाईक स्पर्धांतून २०२२ सालीं तें प्रयोगादाखल मान्य झालें, आणि १ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय संघटनेनें मैदानाबाहेरून सल्ला देण्यास नियमांतच परवानगी दिली. चारशें वर्षांनंतर शिक्षकाला उघडपणें बोलण्याची मुभा मिळाली म्हणावयाची!

सरकारी सन्मानांचा हिशेबही असाच बोलका आहे. शिक्षकांसाठीं द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ सालीं सुरू झाला. टेनिसच्या शिक्षकाला तो प्रथम मिळाला २०२० सालीं, नरेश कुमार यांना. म्हणजे पस्तीस वर्षांनीं. १९५५ सालीं विंबल्डनच्या चौथ्या फेरीपर्यंत गेलेले, आणि १९९० सालीं कर्णधार या नात्यानें सोळा वर्षांच्या पेसला देशाच्या संघांत उभा करणारे नरेश कुमार तेव्हां नव्वदीच्या घरांत होते. त्याच वर्षीं नंदन बाळ यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार खेळाडू म्हणून केलेल्या कामगिरीबरोबरच निवृत्तीनंतर खेळाच्या केलेल्या सेवेसाठीं दिला जाई, म्हणून त्यांच्या बाबतींत तो फार यथार्थ होता. साथीमुळें त्या वर्षीचा समारंभ राष्ट्रपतिभवनांतील दरबारांत न होतां दूरदृश्य पद्धतीनें झाला. गांवोगांवचे विजेते आपापल्या शहरांतून पडद्यावर उपस्थित राहिले. आयुष्यभर मागच्या खुर्चीवर बसलेल्या माणसांचा सत्कार व्हावा तो असाच, असें कोणाच्या मनांत आलें असल्यास नवल नाहीं. पुढें बाळ राष्ट्रीय निवडसमितीचे अध्यक्षही झाले.

बाळ हे एकटे नाहींत, आणि येथेंच आशेला जागा आहे. सांगलीचे नंदू नाटेकर कुमारवयांत टेनिस खेळत. राष्ट्रीय कुमार स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत रामनाथन कृष्णनकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ सालीं परदेशांत आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. बापानें सोडलेला खेळ मुलानें उचलला. गौरव नाटेकर यानें १९९४ च्या हिरोशिमा येथील आशियाई खेळांत पेसबरोबर दुहेरीचें सुवर्णपदक मिळविलें, आणि निवृत्तीनंतर टेनिस शिकविण्याच्या संस्था उभ्या केल्या. मद्रासेस १९८५ सालीं अमृतराज बंधूंनीं एका बिस्किट-कंपनीच्या साहाय्यानें जी शाळा काढली, तींतून पेस बाहेर पडला. अहमदाबादची अंकिता रैना लहानपणींच पुण्यास आली ती हेमंत बेंद्रे यांच्यापाशीं शिकण्यासाठीं. २०१८ सालीं तिनें आशियाई खेळांत एकेरीचें कांस्यपदक मिळविलें. एका मुलीच्या आईबापांनीं शिक्षकासाठीं शहर बदलावें, ही गोष्ट मार्करच्या काळीं कोणाला स्वप्नांतही सुचली नसती. संगीतांत असें पूर्वींपासून होत आलें आहे. गुरूच्या गांवीं बिऱ्हाड करणें हें आपल्याकडे नवें नाहीं. टेनिसनें ही रीत उचलली, तेव्हांच तो खेळ आपला झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु सर्वांनाच बिऱ्हाड हलवितां येत नाहीं. १९९९ च्या महाराष्ट्रदिनीं भंडाऱ्यापासून निराळा झालेला आमचा गोंदिया जिल्हा हा धानाचा, तलावांचा आणि जंगलांचा. येथून पुणें म्हणजे महाराष्ट्राचें दुसरें टोंक. येथील मुलाच्या मनगटांत पुण्याच्या मुलाइतकेंच बळ असतें. त्याच्या आईबापांना उणें असतें तें धैर्य, आणि तें धैर्य उणें असण्यास कारण आहे. 'खेळून पुढें काय करणार?' हा त्यांचा प्रश्न मूर्खपणाचा नाहीं. हजारांत एखादाच विंबल्डन गांठतो. उरलेल्या नऊशें नव्व्याण्णवांना प्रतिष्ठेनें जगतां येईल असा उत्तरार्ध जोंवर समाज दाखवीत नाहीं, तोंवर शहाणा बाप मुलाच्या हातून रॅकेट काढून घेऊन त्याला शिकवणीलाच पाठविणार. म्हणून शिक्षकाची प्रतिष्ठा हा केवळ शिक्षकाच्या पोटाचा प्रश्न नसून खेळाडू निर्माण होण्याचीच ती पहिली अट आहे. ज्या गांवांत निवृत्त खेळाडू सन्मानानें शिकवितांना दिसतो, त्या गांवांतील बापाला आपल्या मुलाच्या खेळाची भीति वाटत नाहीं.

आमच्याकडे धान थेट शेतांत पिकत नाहीं. पावसाळ्याच्या आरंभीं एखाद्या कोपऱ्यांतील लहान बांधींत पऱ्हे टाकतात. तीं रोपें वीतभर झालीं म्हणजे उपटून दुसऱ्या बांध्यांत त्यांची रोवणी होते, आणि पीक तेथें येतें. पऱ्हे टाकलेल्या बांधीकडे मग कोणी वळून पाहात नाहीं. परंतु तिला खत प्रथम, पाणी प्रथम, राखणही प्रथम, हें आमच्या अडाणी म्हटलेल्या शेतकऱ्याला पुरतें ठाऊक असतें. कारण ती बुडाली तर सगळा हंगाम बुडतो. राजे गेले, क्लबांचे दिवस पालटले, आणि श्रीमंत खेळाडू फक्त स्वतःच्याच गुरूला पोसतो. लहान गांवांतील पहिल्या गुरूचें वेतन आतां नगरपालिकांनीं, महाविद्यालयांनीं आणि आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांनीं मिळून द्यावयाचें आहे. एखाद्या जिल्ह्यानें एक चांगलें मैदान बांधण्यापूर्वीं एक चांगला शिक्षक कायम पगारावर नेमला, तर तो खर्च वाया जाणार नाहीं. मैदान नसलें तरी शिक्षक भिंतीवर चेंडू मारावयास शिकवितो, शिक्षक नसला तर उत्तम मैदानावरही गवतच वाढतें.